मागचं डावं दार

१

गाडी काढायच्या आधी मागचं डावं दार उघडायचं. तीन-चार श्वास थांबायचं, मग हळूच लावायचं. पोचल्यावर सामान काढायच्या आधी परत तेच दार, तसंच. त्या बाजूला कुणी बसायचं नाही. पिशवीसुद्धा ठेवायची नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि मी विचारलंच. आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, चालू केलेली गाडी बंद केली. मला खाली उतरवलं. त्या दिवशी सगळं घर करमाडला लग्नाला गेलं आणि मी शेजाऱ्यांकडे बसून वरण-भात खाल्ला. तेव्हापासून विचारलं नाही. ज्या घरात प्रश्नाला उत्तर म्हणून लग्न बुडतं, तिथं माणूस शहाणं होतं किंवा तुसडं. मी दोन्ही झाले.

गेल्या महिन्यात आप्पांच्या दुसऱ्या डोळ्याचंही काही खरं नाही असं डॉक्टर म्हणाले. बाबा गाडी चालवायला कधी शिकलेच नाहीत. तेव्हा किल्ली माझ्याकडे आली आणि किल्लीबरोबर नियमही आला, शब्दही बदलला नव्हता. गाडी एकवीस वर्षांची. डिझेलची, सात जणांची, पांढरी होती ती आता दुधात चहा सांडल्यासारखी झालेली.

आणि ही गाडी घेऊन मी हुबळीला जायचं होतं. जवळजवळ सहाशे किलोमीटर. तिथं माझी मोठी बहीण प्रेरणा असते. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरी यायचं ते घरच्या गाडीनं, असं ठरलेलं.

"तिकडं दवाखाने नाहीत का?" मी म्हणाले. "नाहीतर मी रेल्वेनं घेऊन येते. आडवी होऊन येईल बिचारी."

"आपली लेक आपल्या गाडीनं येती," आप्पा म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे बघून फक्त डोळे मिटले. आई असती तर काहीतरी बोलली असती. तिला जाऊन चार वर्षं झाली.

मी शेंद्र्याला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. आठ तास उभी राहून लोखंडाचे तुकडे मोजते. हा बसला, तो झिजला, हा चालेल, तो नाही. घरी आल्यावर भांडायला माझ्यात उरतंच किती? म्हटलं, न्यायचीच आहे ना, मग निदान खिळा अन् खिळा तपासून नेते. रस्त्यात गाडी मधेच बंद पडून, सात महिन्यांच्या पोटानं प्रेरणा उन्हात उभी राहिलेली मला चालणार नव्हती.

२

शनिवारी पहाटे सगळे झोपलेले असताना मी गाडी काढली. कुणी बघत नव्हतं, म्हणून दार उघडलं नाही. एवढंसं बंड. त्यातही बरं वाटलं.

करमाड फाट्यावर कडुबा मिस्त्रींचं गॅरेज आहे. आप्पांनी ही गाडी दुसऱ्या कुणाच्या हाताखाली जाऊच दिली नाही. साठीचा माणूस, बोटं कायम काळी, कानावर पेन्सिल. मी यादी करून नेली होती. ऑइल, फिल्टर, पाण्याचे पाइप, फॅन बेल्ट, ब्रेकचे लायनर, बॅटरी, वायपर.

"यादी बरी केली," कडुबामामा म्हणाले. "डॉक्टरला आधीच आजार सांगितल्यावानी."

"तुम्हाला राग आला का?"

"राग कशाचा. आप्पासाहेब तर 'गाडी बघ' म्हणत्यात आन् जात्यात चहा प्यायला."

दुपारपर्यंत मी तिथंच होते, मोडक्या सीटवर बसून. झोप येत होती. बेल्टला भेगा होत्या, तो बदलला. पाण्याचा एक पाइप दाबल्यावर बिस्किटासारखा मोडला. लायनर निम्मे गेले होते. सगळं अपेक्षित. जुनी वस्तू जशी हळूहळू हरत जाते तशीच. मला त्यात एक प्रकारचा दिलासा असतो. झीज कधी खोटं बोलत नाही.

मग मामा गाडीच्या मागच्या अंगाला खाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"ताई," खालूनच आवाज आला, "मागं डाव्या अंगाला कोण बसतं वो तुमच्यात?"

"कुणी नाही."

"असं कसं? रोज बसतंय कुणीतरी. चांगलं भरलेलं माणूस."

"का?"

"पाटा बसलाय ना."

मागच्या चाकांवर गाडीचा भार पेलायला लोखंडी पट्ट्यांच्या कमानी असतात, त्यांना पाटे म्हणतात. भार पडून पडून कमान सपाट होते, म्हणजे पाटा बसतो. मी खाली वाकून पाहिलं. उजव्या पाट्याची कमान शाबूत होती. डावा थकून आडवा पडल्यासारखा.

"डिझेलची टाकी त्या बाजूला आहे," मी म्हणाले. "आणि रस्त्याचा उतार डावीकडे असतो. भार तिकडेच जाणार."

मामांनी बाहेर येऊन हात पुसले. "व्हय. तसं बी असंल," ते म्हणाले. पटलं नसताना माणूस जितक्या पटकन हो म्हणतो, तितक्या पटकन.

३

पाटे दोन्ही बदलायचे ठरले. जुने काढून झाल्यावर मामा गॅरेजच्या मागं गेले आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ओढत घेऊन आले. आत चार पाटे होते, गंजलेले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं साल लिहिलेलं.

"हे बी तुमच्याच गाडीचे," ते म्हणाले. "दोन येळा बदललेत म्या."

"मग भंगारात का नाही दिलेत?"

"चाळीस वर्सं झाली पाटे ठोकतोय. असं कुठं बघितलं नाय, म्हणून ठिवले. आप्पासाहेबांना एकदा दावले. ते म्हणले, झाकून ठेव."

फरशीवर त्यांनी दोन रांगा लावल्या. उजवे एकीकडे, डावे एकीकडे. २०११, २०१८ आणि आजचे. प्रत्येक जोडी साधारण सात वर्षं चाललेली, किलोमीटरही जवळपास सारखेच. उजवे तिन्ही सारखे बसलेले, एकावर एक ठेवले तर कागद जाणार नाही इतके सारखे. डावे तसे नव्हते.

मामांनी बोटं लावून दाखवलं. पहिला उजव्यापेक्षा बोटभर जास्त बसलेला. दुसरा दोन बोटं. आजचा चार.

मी माझ्या पिशवीतून स्टीलची टेप काढली आणि सगळे परत मोजले. बोटांनी मोजलेलं मला चालत नाही. टेपनं मोजलं तरी तेच आलं.

"भार वाढत गेलाय," मी म्हणाले.

"व्हय."

"मग टाकी... " म्हणेपर्यंत मला कळलं की डिझेलची टाकी वाढत नाही. रस्त्याचा उतारही वर्षागणिक वाढत नाही.

बाहेर जालना रोडवरून कंटेनर गेला. फरशी हलली आणि तीन डाव्या पाट्यांपैकी सगळ्यात पहिला, सगळ्यात कमी बसलेला, जरासा डुलला. आमच्या करमाडच्या जुन्या घरी स्वयंपाकघराच्या चौकटीवर आई पेन्सिलनं रेघा मारायची, माझी आणि प्रेरणाची उंची दर वाढदिवसाला. ते मला का आठवलं कुणास ठाऊक. मी टेप गुंडाळून ठेवली.

"मंगळवारी गाडी घेऊन जा," मामा म्हणाले. "शंभरेक किलोमीटर चालवा आन् शनिवारी परत दावा. नव्या पाट्याचे बोल्ट परत आवळाया लागत्यात."

घरी जाताना मी एसटीनं गेले. उभ्यानं.

४

आमच्याकडे बाबा, आप्पा आणि आत्या. चतुराबाई आत्या मला आठवतंय तेव्हापासून आमच्याकडेच आहे. सासरी पटलं नाही, एवढंच सांगतात. बारीक, सावळी, बोलायला तिखट. आमची गाडी दारात उभी असते आणि आत्या करमाडला जायचं तर बसस्टँडवर जाते. "मला गाडी लागती," म्हणते. एसटी कशी लागत नाही, हेही न विचारायच्या गोष्टींमध्ये.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. मी पाणी प्यायला गेले आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, "आत्या, गाडीचा मागचा डावा पाटा पार बसलाय."

सोललेली पाकळी तिनं ताटलीत ठेवली नाही, मुठीत धरली.

"मागच्यापेक्षा जास्ती?"

"तुला काय माहीत मागचा किती बसला होता?"

पंख्याचा आवाज, कुकरचा आवाज. बाहेर मुकुंदवाडीच्या भाजीवाल्यांची भांडणं. मग तिनं विचारलं, ते विचारणंही नव्हतं, "चार बोटं?"

"आत्या."

"पंखा वाढव गं. उकडतंय."

मी पंखा वाढवला. खरं म्हणजे मला तिला धरून गदागदा हलवायचं होतं. पण पहाटेपासून मी जागी होते आणि पुढच्या आठवड्यात सकाळची पाळी होती. दमलेल्या माणसाचा राग फार लांब जात नाही.

"प्रेरणाला मागंच बसव," आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली. "पुढं नको."

"कुठल्या बाजूला?"

"मागं म्हणलं ना."

५

मंगळवारी गाडी आणली. दार उघडलं नाही. घरी आल्यावर खाली पार्किंगमध्ये मागच्या दोन्ही चाकांवर टेप लावली. चाकाच्या मधल्या नटापासून वरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंत. डावीकडे ५१२ मिलिमीटर, उजवीकडे ५१२. बुधवारी गाडी कंपनीत नेली, गुरुवारी नेली, शुक्रवारी नेली. रोज मोजलं. ५१२, ५१२. मी इतकी खूश होते की शुक्रवारी गाण्याचा आवाज वाढवून आले.

फक्त आत्या. गुरुवारी मी डबा भरत होते तेव्हा म्हणाली, "दार उघडून जातीस ना?"

"हो."

"खोटं बोलू नको. उघडून जात जा. मागं राहिलं की मला कळतं."

तिचे डोळे सुजलेले होते. तीन रात्री झोपली नव्हती म्हणे. मी डब्याचं झाकण लावलं आणि निघाले. उघडलं नाही.

शनिवारी दुपारी करमाडला बोल्ट आवळायला निघाले, तर आप्पा काठी टेकत खाली आले. आत्यानंच पाठवलं असणार.

"उघड," ते म्हणाले.

"आप्पा, मी बोल्ट आवळायला चाललेय. देवदर्शनाला नाही."

"उघड म्हणलं ना, तनुजा."

मी उघडलं. ऊन आत पडलं, रेग्झिनवरची धूळ दिसली. तीन श्वास. आप्पांचे ओठ हलत होते, की ते नुसतेच चावत होते, कळलं नाही. मी दार लावलं, पुढं जाऊन बसले, पट्टा लावला, किल्लीला हात घातला.

आपण गाडीत बसलेलो असताना मागं कुणी येऊन बसलं तर वळून न बघताही कळतं. गाडी जराशी डुलते, एका कुशीला कलते, मग स्थिर होते. आपल्या पाठीला ते कळतं. तसं झालं.

मी मागं बघितलं. सीट रिकामी. आप्पा गाडीपासून चांगले दोन हात लांब उभे होते आणि त्यांनी मान डोलावली, जा म्हणून. मला नव्हे असं वाटलं. पण त्यांच्या डोळ्यांना तसंही कुणी नीट दिसत नाही.

चिकलठाणा ओलांडेपर्यंत मी स्वतःला समजावत होते. पार्किंगची फरशी खचलीय. टायरमध्ये हवा कमी आहे. शेंद्र्याजवळ पंपावर थांबून हवा तपासली. दोन्हीकडे सारखी, पस्तीस. टेप काढली नाही. काढायला हवी होती, माझं कामच ते आहे. पण काही मोजमापं माणूस एकट्यानं घेत नाही.

गॅरेजवर पोचल्यावर मी कडुबामामांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर मोजलं. उजवीकडे ५१०. डावीकडे ४८८.

"नवाकोरा पाटा हाय," मामा म्हणाले. "मंगळवारीच बसवलाय."

"टेप धरा," मी म्हणाले. "तिथंच धरून ठेवा. हलवू नका."

मी मागचं डावं दार उघडलं.

पहिला श्वास काही झालं नाही. दुसऱ्या श्वासाला नव्या लोखंडाचा कुरकुरता आवाज आला, नव्या चपलेचा येतो तसा. मामांच्या बोटांखालून टेप सरकायला लागली. ४९०. ४९६. एखादं माणूस उतरताना आधी एक पाय टेकवतं, मग दाराला धरून उठतं, तशी मधे थांबत, मग एकदम. ५११.

गाडी हलकी झाली. दाराशी, माझ्यापासून हातभर अंतरावर, काहीही नव्हतं. ऊन होतं. मी दार धरून उभी होते आणि मला उगाचच एक पाऊल बाजूला व्हावंसं वाटलं, वाट द्यायला. मी झाले.

मामांनी टेप सोडली. नळावर जाऊन हात धुतले. कोपरापर्यंत, साबण लावून, दोनदा. मग बोल्ट आवळले. मी किल्ली घेतली तेव्हा मात्र घाईघाईनं पुढं आले.

"ताई, दार उघडून जा बरं का. हितं ठिवून जाऊ नका. मला इथं एकट्यालाच असावं लागतं."

मला हसू आलं. इतकी दमलेली होते की खरंच हसले. मग दार उघडलं, थांबले, लावलं. गाडी कलली, मोठ्या सवयीनं. आम्ही घरी आलो.

६

घरी आल्यावर मी दार उघडलं नाही.

धाडस नव्हतं ते. मला फक्त बघायचं होतं. कारखान्यात एखादा पार्ट नापास करायचा तर कारण लिहावं लागतं. 'भीती वाटली' हे कारण चालत नाही. सोमवारी पहाटे मला हुबळीला निघायचं होतं. प्रेरणाचा रोज फोन येत होता. बाळानं लाथ मारली, आज लोणचं खाल्लं, तनू, तू दर दोन तासांनी गाडी थांबवशील ना गं, मला फार वेळ धरवत नाही आता. थांबवीन, मी म्हणाले. कितीदाही थांबवीन.

रविवारी सकाळी आठ वाजता मी खाली गेले. पार्किंगमध्ये कोवळं ऊन होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी गालिचा झटकत होतं. डावीकडे ४८८. रात्रभर तसंच.

मी काचेतून आत पाहिलं.

मागची सीट लांब आहे, तिघांची. जुन्या रेग्झिनची, शिलाईला भोकं पडलेली. डाव्या खिडकीशी ती दबलेली होती. नीट गोल खळगा, बसलेल्या माणसाखाली पडतो तसा. मी काचेला कपाळ टेकवलं आणि हाताचा आडोसा केला.

श्वास सोडल्यासारखा आवाज आला, शिलाईच्या भोकांमधून. खिडकीशी असलेला खळगा हळूहळू भरायला लागला. रेग्झिन वर आलं, त्याच्या सुरकुत्या निघाल्या. आणि त्याच वेळी सीटचा मधला भाग खाली दबला. घाई नव्हती. गाडी एकदा हलली. मग खिडकीची जागा पूर्ण सपाट झाली, रिकामी, आणि मधे खळगा.

सरकून बसलं होतं. एसटीत आपण कुणी पोटुशी बाई उभी दिसली की सरकतो, खिडकीची जागा तिला देतो, तसं. अदबीनं.

मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. मला काही दिसलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. ना चेहरा, ना हात. फक्त एवढं दिसलं की कुणीतरी जागा केली, आणि कुणासाठी केली तेही मला कळलं.

"तनू," वरच्या खिडकीतून बाबांचा आवाज आला. "काल दार उघडलंस का?"

७

तिघं चहा घेत बसले होते. मी पाटे सांगितले, टेप सांगितली, कडुबामामांचे हात सांगितले. आप्पा बशीतला चहा फुंकत ऐकत राहिले. कुणी मला वेडी म्हणालं नाही. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग मी आत्ताचं सांगितलं.

"जागा केली?" आत्या म्हणाली. "खिडकीची?"

तिचा चेहरा असा उजळलेला मी कधीही पाहिला नव्हता. ती एकदम तरुण दिसली, प्रेरणाएवढी. मला तिची भीती वाटली.

"मग झालं," आप्पा म्हणाले. "प्रेरणाला डाव्या खिडकीशी बसवायची."

"तिथं कुणी बसायचं नाही ना?"

"प्रेरणानं बसायचं. सातवा लागल्याशिवाय जमत नव्हतं."

"काय जमत नव्हतं?"

"तिला काही व्हायचं नाही, तनू," बाबा म्हणाले. "आप्पांनी विचारून घेतलंय."

"कुणाला?"

बाबांनी कप खाली ठेवला आणि परत उचलला.

बोलली ती आत्याच. मुठीत पदराचं टोक होतं. "अठरा वर्सं झाली. मला बी सातवाच व्हता. ह्याच गाडीत. मी दार उघडा म्हणत व्हते. किती येळा म्हणलं. ह्यांनी उघडलं नाय. लेकरू गाडीतच गेलं." तिनं आप्पांकडे बोट केलं नाही, नुसती हनुवटी हलवली. "आता उघडत्यात. रोज उघडत्यात."

"करमाड दिसत होतं," आप्पा म्हणाले. "दोन मैलांवर घर. लेक आणताना शिवेच्या आत थांबू नये म्हणत्यात. म्हणलं, आता पोचतोच की." त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण हातातली बशी कलली होती आणि त्यांना ते कळलं नव्हतं. अठरा वर्षं हा माणूस त्याच रस्त्यानं ती गाडी चालवत होता. मला त्यांची कीव येईल असं वाटलं. आली नाही, कारण पुढं ते म्हणाले, "तिच्या शेजारी बसून येईल. घरात शिरताना तिच्याबरोबर आत येईल. मग नीट हुईल. सगळ्यांसारखं जन्माला येईल."

"आणि प्रेरणाचं बाळ?" मी म्हणाले.

बाबा परत कपात बघायला लागले.

"आप्पा, मी विचारतेय. तिच्या पोटात आहे ते? त्यानं कुठं जायचं? त्यानं पण सरकून बसायचं का?"

"पोरी, तुला नाय कळायचं," आत्या म्हणाली. "तुला लेकरू नाय."

"प्रेरणाला आहे."

मी फोन काढला आणि त्यांच्यासमोर लावला. प्रेरणानं दुसऱ्या रिंगला उचलला. हसत होती, मागं मिक्सरचा आवाज येत होता. "काय गं, निघालीस की काय आजच?"

"नाही. ताई, ऐक. तू तिथून हलायचं नाहीस. कुणीही न्यायला आलं तरी गाडीत बसायचं नाहीस. आप्पा आले तरी नाही, बाबा आले तरी नाही. मी उद्या रेल्वेनं येतेय. बाळंतपण तिथंच करू. मी राहते."

"अगं पण झालं काय?"

"आल्यावर सांगते. बस म्हणाले तरी बसू नकोस. मला वचन दे."

तिनं दिलं. घाबरून दिलं, पण दिलं. मी फोन ठेवला.

बाबा उठायला गेले. "तनू, थोरल्यांचा शब्द..."

"बसा, बाबा. मी ती गाडी नेणार नाही. कुणाला नेऊही देणार नाही. किल्ली माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. तुम्ही तिघांनी मिळून ठरवलंत, आणि जिला बसवणार होतात तिला सांगितलंसुद्धा नाहीत. मलाही नाही. मी फक्त सहाशे किलोमीटर चालवायचं आणि वेळच्या वेळी दार उघडायचं."

आप्पांनी तोंड उघडलं. मी त्यांना बोलू दिलं नाही. माझे पाय दुखत होते आणि तरी मला थांबता येईना. मी आत्याकडे वळले.

"आत्या, ते तुझं आहे ना? खाली बसलंय ते. अठरा वर्षांचं झालंय, चांगलं वाढलंय. मामा म्हणाले, भरलेलं माणूस आहे. शेजारची जागा रिकामी आहे. मग प्रेरणा कशाला पाहिजे? तू जा खाली. तू बस त्याच्या शेजारी."

आत्याचा चेहरा तसाच होता, फक्त त्यातला उजेड गेला. बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. आप्पांच्या बशीतला चहा सांडून चटईत जिरला आणि त्यांनी तो पुसला नाही. मी पुढच्या वाक्यांची तयारी करून उभी होते. कुणीतरी ओरडेल, शिवी देईल, पाया पडेल, म्हणून.

तसं काही झालं नाही. आत्या खाली जाण्याच्या जिन्याकडे बघत बसली होती, आणि उठत नव्हती.